एका बाकाचा वर्ग

होळीचे रंग अंगणातल्या फरशीवरून पुरते निघायच्या आतच आमच्या ग्वाल्हेरात कडुनिंबाची पानं गळायला लागतात. सकाळी झाडून घ्यावं, दुपारी पुन्हा ढीग. आणि नेमकी त्याच सुमारास पोरं हातात पुस्तक धरून गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागतात. जयेंद्रगंजातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर जे कुटुंब राहतं त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. मराठी घरातलीच मुलगी, पण तिची वाक्यं एका भाषेत सुरू होतात आणि दुसरीत जाऊन संपतात. काल ती जिन्यातून डोकावून मला म्हणाली, "आजी, तुम्ही मम्मीला बोला ना, टीव्ही थोडा धीरे करे, मेरा कल परचा आहे." मी जाऊन सांगितलं. टीव्ही धीमा झाला. मग मी खाली येऊन बसले, आणि वरून तिच्या पावलांचा आवाज येत राहिला.

परीक्षेच्या दिवसांत सगळ्या घराला उगाचच पाहुणा आजारी असल्यासारखं हळू बोलायची सवय लागते. मला एकटीला हळू बोलायचा प्रश्नच येत नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जर्मनीत असतो. त्याचा मुलगा, ईशान, तिथल्या शाळेत नुकताच जायला लागला आहे. रविवारी फोनवर त्याचा चेहरा दिसतो. मागच्या रविवारी मी विचारलं, शाळा कशी आहे रे. तो म्हणाला, चांगली आहे. मग म्हणाला, "आजी, मला सगळं कळतं, पण माझ्याशी कोणी बोललं की माझ्याकडे शब्दच नसतात." मी त्याची काहीबाही समजूत घातली. होईल रे, येईल हळूहळू, लहान मुलांना भाषा पटकन येतात. लोक म्हणतात ते सगळं म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मला ती फार जुनी शाळा आठवली, आणि मग चहाही घ्यावासा वाटेना.

माझ्या लहानपणी राज्यं अशी बदलत होती की गुरुजींना नकाशे पुसून पुसून हात दुखावेत. मी जन्मले तेव्हा इथं संस्थान होतं. माझे पूर्वज त्याच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडं आले, ते इथलेच झाले. तलवार गेली, मग लेखणी आली, आणि वडिलांच्या पिढीपर्यंत आमच्याकडे फक्त कारकुनी उरली. मी शाळेत जायला लागले तोवर संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता. आणि मी आठवीत होते त्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, तोही मोडला. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. लश्करच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागातल्या, रस्त्यांवरून कचेऱ्यांची टेबलं, कपाटं, कागदांची गाठोडी ट्रकांत भरून जाताना मी पाहिली आहेत. एका ट्रकवर खुर्च्यांच्या ढिगावर एक चपरासी आरामात झोपला होता. आम्ही मुली त्याला बघून हसलो. त्या ट्रकामागून आपल्याही घरातली माणसं जाणार आहेत, हे तेव्हा कुठं डोक्यात येत होतं.

आमच्या मुलींच्या शाळेत दोन विभाग होते. हिंदी विभाग मोठा, मराठी विभाग लहान. तिकडच्या शिक्षिका 'बहनजी', आमच्या 'बाई'. भिंत एकच, घंटा एकच, पाण्याचा रांजणही एकच. मराठी आठवीला द्वारकाबाई होत्या. उंच, सडसडीत, कपाळाला छोटं कुंकू, आणि आवाज असा की रस्त्यावरचा टांगेवाला थबकावा. शाळेच्या आवारात त्या मराठीशिवाय बोलत नसत. चपराशाशीसुद्धा मराठीत बोलायच्या. तो हिंदीत उत्तर द्यायचा. दोघांचं कधी काही अडलं नाही.

मग तबादले सुरू झाले. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींचे वडील सरकारी नोकरीत. कोणी भोपाळला गेलं, कोणी इंदूरला, एकदोघांनी नोकरी सोडून पुण्याचा रस्ता धरला. उरल्या त्यांच्यातल्या काहींना घरच्यांनी शहाणपणानं हिंदी विभागात घातलं. पुढं कॉलेजात हिंदीच आहे, मग आत्तापासूनच का नको, असा सरळ हिशेब. त्यात चूक काहीच नव्हती. माझ्या वडिलांचं खातं मात्र इथंच राहिलं, आणि आम्हीही राहिलो. शेवटी वर्गात मी आणि कुसुम दोघीच उरलो. कुसुम माझ्या बाकावरची. संक्रांतीनंतर तिच्याही वडिलांच्या बदलीचा हुकूम आला. स्टेशनवर तिला पोचवायला मी गेले होते. गाडी हलली, ती खिडकीतून हात हलवत होती आणि आपल्याला भोपाळला तलाव बघायला मिळणार म्हणून खुशीत होती. गेली ती, आणि रडले मी.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटी.

वर्ग आमचा आधी मोठ्या खोलीत होता. मुली कमी झाल्या तशी ती खोली हिंदी विभागानं घेतली आणि आम्ही ओसरीच्या टोकाला आलो. मी एकटी उरले तेव्हा आम्हाला शिवणाच्या खोलीत जागा मिळाली. एका कोपऱ्यात बंद पडलेलं मशीन, दोरीवर हिंदी विभागातल्या मुलींनी शिवलेली झबली, आणि मध्ये एक बाक. बाकासमोर द्वारकाबाई उभ्या राहायच्या आणि पूर्वी भरलेल्या वर्गाला शिकवायच्या त्याच आवाजात शिकवायच्या. आवाज एक पट्टी खाली आला नाही. "सांगा बघू कोण सांगतं," असं म्हणून त्या वर्गभर नजर फिरवायच्या. वर्गभर म्हणजे मशीन, झबली आणि मी. मग मी हात वर करायची आणि त्या मला उठवायच्या. उत्तर येत नसलं तर लपायला पुढच्या मुलीची पाठ नव्हती. जे कधी एकट्यानं शाळा शिकलेले नाहीत, त्यांना हा छळ कळणार नाही.

मधल्या सुट्टीचं दुःख वेगळंच. हिंदी विभागातल्या मुली चिंचेखाली गुट्टे, म्हणजे आपले सागरगोटे, खेळायच्या. चांगल्या होत्या त्या मुली, बोलवायच्याही. पण त्यांचे विनोद वर्गात घडलेल्या गोष्टींवरचे असत, आणि माझ्या वर्गात तर काहीच घडत नव्हतं. एकदा एकीनं विचारलं की तुला अकेली बसून डर नाही का वाटत. मी नाही म्हटलं. खरं म्हणजे भीती वाटत नव्हतीच. माणूस नसल्याची भीती वाटत नाही, नुसतं आत पोकळ पोकळ वाटतं, आणि डब्यातली पोळी तशीच घरी परत येते.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मुख्य बहनजींनी वडिलांना बोलावून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, सरबत मागवलं, आणि मुलीच्या भल्यासाठी तिला हिंदीतूनच परीक्षेला बसवा असं सांगितलं. आठवीची परीक्षा शाळेची नाही, शिक्षण खात्याची असते, मराठीचं पुढं काय होईल कोणी सांगू शकत नाही. मुलगी नाहीच बसली मराठीत, तर विभाग आपोआप मिटेल, कोणाला वाईटपणा नको. वडील घरी आले आणि त्यांनी टोपी खुंटीला लावून मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ठरव म्हणाले.

द्वारकाबाईंनी या विषयावर माझ्याशी एकदाच तोंड उघडलं. शाळा सुटल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "तू मराठीत बसलीस तर सातवीतल्या मुलींना पुढच्या वर्षी वर्ग राहील. न बसलीस तर नाही. पण तुझं वर्ष मी तुझ्याकडे मागणार नाही. वर्ष तुझं आहे."

मी मराठीत बसले. आता लोकांना हे सांगितलं की ते माझ्या भाषाप्रेमाचं कौतुक करतात, आणि मला हसू येतं. तेरा वर्षांच्या मुलीला कसलं आलंय भाषाप्रेम. मला भरलेल्या वर्गात जाऊन नव्यानं बसायची धास्ती होती. एकटेपणाची निदान सवय झाली होती. पण सातवीतल्या मुली मला ओसरीवर बघून हसायच्या, ओळखीचं हसायच्या, हेही खरं. त्या हसण्याचं ओझं मी परीक्षेला घेऊन गेले.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. सकाळीच लू, ती भाजणारी हवा, सुटायची. आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि पदरात कांदा बांधून दिला, लू लागू नये म्हणून. परीक्षेलाही मला वेगळी खोली होती. एक बाक, एक मुलगी, आणि विंझण्यानं वारा घेणाऱ्या एक बहनजी. त्यांना माझ्यावर नजर ठेवायला काही कामच नव्हतं, मी कोणाचं बघून लिहिणार. मराठीचा परचा तेवढा मराठीत आला. बाकीचे सगळे हिंदीत छापलेले, उत्तरं मात्र मराठीत लिहायची परवानगी. मी प्रश्न हिंदीत वाचायची, मनात मराठी करायची, मग लिहायची. ते कठीण गेलं नाही. आम्ही लश्करची मुलं, दिवसभर तेच करत असतो.

कठीण गेलं ते नंतरचं. परचा झाल्यावर फाटकापाशी उभं राहून उत्तरं ताडून बघण्यात जे सुख आहे ते परीक्षेत पहिलं येण्यातही नसेल. तू काय लिहिलंस, मी काय लिहिलं, अगं बाई ते चुकलं की माझं. हिंदी विभागातल्या मुलींचा तो कालवा मी रोज ऐकायची आणि बाजूनं निघून जायची. माझं उत्तर बरोबर की चूक हे विचारायला अख्ख्या शहरात माझ्या वर्गातलं कोणी नव्हतं.

निकाल लागले. माझा लागला नाही. माझ्या नावापुढं काहीच नव्हतं, ना पास ना नापास. वडील चौकशी करून आले. मराठीतले परचे तपासायला खात्याकडे कोणी उरलंच नव्हतं. पूर्वी तपासायचे त्यातले एक म्हातारपणानं घरी बसले होते, दुसरे पुण्याला निघून गेले होते. नव्या राज्यात मराठी परीक्षक नेमायचे राहून गेले होते. कोणाचा राग धरावा असा एकही माणूस त्यात नव्हता. द्वारकाबाई तपासू शकत होत्या, पण आपल्याच विद्यार्थिनीचे परचे आपण तपासायचे नाहीत, हा नियम. आई देवघरासमोर बसून राहिली. एक वर्ष वाया गेलं तर मुलीचं पुढं काय, एवढंच ती म्हणत होती.

शेवटी खात्यानं तोड काढली. मुलांच्या शाळेतले तिवारी मास्टरसाहेब परचे तपासतील, द्वारकाबाई त्यांना एकेक उत्तर हिंदीत करून सांगतील, आणि अक्षर लागलं नाही तर विचारायला मुलगी हजर असेल. असली परीक्षा पूर्वी कोणी दिली असेल असं मला वाटत नाही.

मेच्या दुपारी सुट्टीतल्या ओसाड शाळेत आम्ही तिघं बसलो. शिवणाचीच खोली. खिडकीला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लावून चपरासी तिच्यावर पाणी मारत होता, त्याचा ओला वास खोलीभर. तिवारी मास्टरसाहेब डोक्यावर भिजवलेला गमछा टाकून आले होते. त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. आणि द्वारकाबाईंनी माझं इतिहासाचं पहिलं उत्तर मनात वाचून हिंदीत सांगायला सुरुवात केली.

मी बाईंना कधी हिंदी बोलताना ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं त्यांना ती येत नसणार. आणि त्या बोलत होत्या ती हिंदी अशी स्वच्छ, अशी नेटकी, की मुख्य बहनजींनीही मान डोलवावी. इतकी वर्षं ती भाषा त्यांच्याजवळ होती आणि त्यांनी ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवली होती. मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं मात्र भलतंच. वाटलं, आता मी खरोखरच एकटी.

भूगोलाच्या परच्यात एक प्रश्न होता, आपल्या राज्याच्या राजधानीचा. नवी पुस्तकं हिंदीत छापून आली होती. मराठीत ती कोण छापणार, म्हणून आमच्याकडे जुनंच पुस्तक होतं. मी तेच घोकलेलं लिहून आले होते. बाई त्या ओळीपाशी थांबल्या. त्यांना ती ओळ गाळता आली असती, भोपाळ म्हणता आलं असतं. मास्टरसाहेबांना काय कळणार होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "लिखा है, सर्दियों में ग्वालियर, गर्मियों में इंदौर।"

तिवारी मास्टरसाहेब हसले नाहीत. पेन्सिल हातात धरून म्हणाले, "पिछली गर्मी तक तो सही था, बाई।" आणि त्यांनी फुली मारली. बाईंनी पुढचं उत्तर वाचायला घेतलं.

शेवटी राहिला मराठीचा परचा. बाईंनी तो मिटून ठेवला आणि म्हणाल्या की याचं हिंदी होणार नाही. मराठीची परीक्षा हिंदीत सांगून काय तपासणार. इतकं करून या एका परच्यावर वर्ष जाणार होतं, आणि माझ्यामागून सातवीचा वर्गही. तिवारी मास्टरसाहेबांनी सुराहीतलं पाणी घेतलं, पिऊन झाल्यावर गमछ्यानं तोंड पुसलं.

"जैसा लिखा है वैसा पढ़िए," ते म्हणाले. "मैं लश्कर में पैदा हुआ हूँ। पड़ोस में सब आप ही लोग थे। बोलना नहीं आया, समझता सब हूँ।"

मग बाईंनी मराठी वाचलं. व्याकरण, कवितेचा अर्थ, आणि शेवटी 'माझी मैत्रीण' हा निबंध. सुरुवात मी पाठ केलेलीच लिहिली होती, मैत्री म्हणजे काय, संकटात कोण उपयोगी पडतं वगैरे. पण पाठ केलेलं संपल्यावर अजून पान उरलं होतं, म्हणून मी लिहिलं होतं की कुसुम गेल्यापासून सगळा बाक माझा आहे, तरी मी अजून माझ्याच बाजूला बसते, तिची बाजू रिकामी ठेवते. तिथं बाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. फार नाही, पण मी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी, मला कळलं. मास्टरसाहेबांनी आकडा लगेच टाकला नाही. मला विचारलं की कुसुम आता कुठं असते. मी म्हटलं, भोपाळला. ते म्हणाले, सब वहीं गए. आणि मग त्यांनी गुण दिले.

मी पास झाले. चांगली पास झाले. आणि जुलैत शाळा उघडली तेव्हा मराठी विभाग नव्हता. माझा निकाल खात्यात पोचायच्या आधीच वरून आदेश आला होता की माध्यम एकच राहील. सातवीतल्या मुली हिंदी आठवीत गेल्या होत्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागवावं असं काही होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या नव्या वर्गात हसतखेळत रमूनही गेल्या, आणि तेही एक बरंच झालं. मी मात्र नववीच्या भरगच्च वर्गात भिंतीशी जाऊन बसले. घंटा झाली, इतिहासाच्या तासाला दारातून द्वारकाबाई आत आल्या. सगळ्या मुली उठून 'नमस्ते बहनजी' म्हणाल्या. मीही म्हटलं.

दोन वर्षं त्यांनी मला हिंदीतून शिकवलं. मी रोज वाट बघायची की त्या एखादा तरी शब्द माझ्यासाठी मराठीत टाकतील, वहीवर सही करताना तरी. त्यांनी टाकला नाही. एका मुलीशी वेगळ्या भाषेत बोलणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय, असं त्यांना वाटत असणार. तेव्हा मला ते कळलं नाही आणि मी फार कुढले.

पुढं मीही शिक्षिका झाले. बिर्लानगरमधल्या शाळेत, गिरणी कामगारांच्या मुलांना शिकवायची. कोणी पूर्वेकडून आलेलं, कोणी बुंदेलखंडातलं, कोणी कुठलं. दर जुलैत एखादं पोर असं यायचं की डोळे मोठे करून नुसतं बघत राहायचं. सभांमधून, वर्तमानपत्रांतून शिक्षणाचे प्रश्न म्हणून पुष्कळ काही मांडतात. इमारती नाहीत, शिक्षक कमी, अभ्यासक्रम जुना, जगात सगळीकडे तेच. असेल, खरंच असेल. मला सगळा प्रश्न त्या बघत राहणाऱ्या पोरात दिसायचा. राज्यं नवी आखली जातात, माणसं कामासाठी इकडची तिकडं जातात, आणि मोठ्यांच्या त्या उलाढालीचा परचा शेवटी एखाद्या लहान मुलाला एकट्यानं सोडवावा लागतो. मी अशा पोराला पहिले काही दिवस माझ्या खुर्चीशेजारी बसवायची. त्याहून जास्त मला काही सुचलं नाही.

द्वारकाबाई त्यानंतर मला एकदाच भेटल्या. अशाच परीक्षांच्या दिवसांत, दाल बाजारात. वर्षाची तूरडाळ भरायला मी गेले होते, आणि दुकानात एक म्हातारी बाई डाळीत खडे आहेत म्हणून दुकानदाराला फैलावर घेत होती. आवाजावरून ओळखलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं, आणि आम्ही पोत्यांच्या सावलीत उभ्या राहून बोललो. मी कुठं शिकवते, मुलं किती, डाळ यंदा कशी आहे. तिवारी मास्टरसाहेब वारल्याचं त्यांनी सांगितलं. कुसुमची चौकशी केली. तिचा पत्ता मलाही ठाऊक नव्हता. दुकानदार मध्ये मध्ये बोलत होता, पोती उचलणारे 'बाजू हो' म्हणून ओरडत होते, ऊन चढत होतं. गप्पा छान झाल्या. त्यांची सायकलरिक्षा आली. मी त्यांना आधार देऊन बसवलं, पिशवी पायाशी ठेवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ये गं कधी घरी," त्या म्हणाल्या. "मराठी बोलायला आता कोणी येत नाही."

"जी, आऊँगी," मी म्हणाले.

रिक्षा गेली. मी डाळ घेऊन घरी आले. उन्हानं डोकं तापलं होतं, म्हणून आधी पाणी प्यायले, मग डबा पुसून डाळ ओतायला घेतली. ओतता ओतता माझा हात थांबला. पोत्यांच्या सावलीतलं आमचं सगळं बोलणं मी पहिल्यापासून आठवून बघितलं. ते सगळं हिंदीत झालं होतं. शेवटी त्या एकट्याच मराठीत बोलल्या होत्या. त्या पावसाळ्यातच त्या गेल्या, आणि मला ते दिवाळीत कळलं. पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "येते हं, बाई."